जावाचा पहिला धडा

बीडमध्ये आम्ही रविवारी वस्तीतील मुलामुलींना जावा शिकवू लागलो, तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा आला. कित्येकांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. महागडी शिकवणी कोठून परवडणार? पण नेटबीन्स हे साधन फुकट मिळते. प्रागच्या विद्यार्थ्यांनीच १९९६ साली ते सुरू केले.

आधी जेडीके, मग नेटबीन्स संगणकावर घालायचे. नवा प्रकल्प उघडला की आज्ञावलीचा सांगाडा तयार मिळतो. त्यात आपली ओळ लिहायची. अर्धविराम राहिला तर ओळीशेजारी लाल खूण उमटते. ती कुणाला हिणवत नाही, चुकीची जागा तेवढी दाखवते. तो इंग्रजी संदेश आम्ही मोठ्याने वाचतो, मराठीत समजून घेतो. इंग्रजीची निम्मी भीती तेथेच मोडते.

जावाला देवनागरी चालते. म्हणून मुलींनी पहिल्याच आज्ञावलीत ‘जय भीम’ लिहिले, हिरवे बटण दाबले. अक्षरे खाली उमटली!

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेव्हा मराठवाड्यातील आपल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. आज ज्या घरी जुना का होईना संगणक आहे, त्या घराने शेजारच्या मुलीलाही त्यापुढे बसवावे. जय भीम!