अंक, आवृत्ती आणि प्रत

कॉमिक्सच्या खासगी संग्रहाची नोंदवही ठेवणे हे काम वरवर मोजदादीचे वाटते; परंतु जो संग्राहक ते वर्षानुवर्षे करत आला आहे त्याला ठाऊक असते की किती आहेत हे मोजण्याआधी नेमके काय मोजायचे हे ठरवावे लागते. ग्रंथालयशास्त्रात यासाठी बरेच सूक्ष्म भेद केले जातात, घरगुती संग्रहाला मात्र तीन पुरतात. अंक म्हणजे प्रकाशकाने विशिष्ट क्रमांक देऊन काढलेली चित्रकथा. आवृत्ती म्हणजे तीच चित्रकथा एखाद्या भाषेत, एखाद्या काळी आणि एखाद्या किमतीला छापली गेली ते तिचे रूप. आणि प्रत म्हणजे त्या आवृत्तीच्या असंख्य प्रतींपैकी संग्राहकाच्या हातात आलेली एकच वस्तू, जिच्या मुखपृष्ठावर घडी पडलेली आहे, पहिल्या पानावर कुणीतरी शाईने नाव लिहिलेले आहे आणि जिच्यातील मधले पान निसटलेले आहे. अंकांची यादी प्रकाशकही करू शकतो आणि आवृत्त्यांची यादी अभ्यासक करू शकतात, पण प्रतीची नोंद ती ज्याच्यापाशी आहे त्यानेच करायची असते, कारण ती दुसरा कुणीही करणार नाही.

या तीन पातळ्यांचा गोंधळ किती सहज होतो आणि तो सोडवणे किती फलदायी ठरते, हे कोलकात्यातील गार्डन रीचच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. हुगळीच्या पूर्व तीरावरील हा भाग मटियाबुर्ज, खिदिरपूरची गोदी आणि जहाजबांधणीचा कारखाना यांमुळे ओळखला जातो. पण मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध येतो तो रेल्वेमुळे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर-छत्तीसगढ हा मीटरगेज मार्ग ताब्यात घेऊन तो ब्रॉडगेज केला आणि पुढे कलकत्त्यापर्यंत नेला. या कंपनीचे मुख्यालय गार्डन रीचला होते, आणि १९५५ साली दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाल्यावर तिचेही मुख्यालय तेथेच राहिले. नागपूर विभाग २००३ पर्यंत याच रेल्वेत होता, त्यामुळे नागपूर आणि गार्डन रीच ही दोन टोके बदल्यांनी, पासांनी आणि सुट्ट्यांच्या प्रवासांनी जोडलेली होती. अशा प्रवासात मुलांना गप्प बसवण्यासाठी स्थानकावरच्या स्टॉलवरून कॉमिक्स घेतली जात, आणि स्थानक बदलले की कॉमिक्सची भाषाही बदले. म्हणून गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीत वाढलेल्या मराठी घरातील संग्रहात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि बंगाली अंक एकाच खोक्यात मिसळलेले असणे अगदी स्वाभाविक ठरते.

अशा खोक्यात सर्वांत मोठा वाटा बहुधा इंद्रजाल कॉमिक्सचा निघतो. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये ली फॉकच्या वेताळकथांपासून ही मालिका सुरू केली आणि ती १९९० पर्यंत चालवली. १९७६ पासून तिच्यात आबिद सुरती यांचा बहादूर हा भारतीय नायकही आला. या काळात एकूण ८०३ अंक निघाले, असे संग्राहक मानतात. परंतु जो केवळ क्रमांकांवर विसंबून यादी करतो तो येथे दोनदा अडतो. १२३ आणि १२४ हे क्रमांक संपामुळे प्रसिद्धच झाले नाहीत, त्यामुळे त्या दोन जागा रिकाम्या ठेवून त्यांचा शोध घेत राहणे व्यर्थ आहे. शिवाय मालिकेच्या उत्तरार्धात सलग क्रमांकांची पद्धत सोडून वर्ष आणि त्या वर्षातील अंक अशी जोडपद्धत स्वीकारली गेली, त्यामुळे एकाच मालिकेसाठी नोंदवहीत दोन प्रकारचे क्रमांक लिहावे लागतात आणि त्यांचा परस्परसंबंध दाखवणारा तक्ता वहीच्या आरंभी जोडावा लागतो. रिकाम्या जागेचे दोन अर्थ असतात, न मिळालेला अंक आणि न निघालेला अंक, आणि हे दोन्ही अर्थ वेगवेगळ्या खुणांनी दाखवणारी यादी वाचकाला जे ज्ञान देते ते केवळ भरलेल्या रकान्यांतून मिळत नाही.

अमर चित्रकथेची अडचण याच्या उलट दिशेची आहे. अनंत पै यांनी १९६७ साली इंडिया बुक हाउसच्या साहाय्याने सुरू केलेल्या या मालिकेचे आरंभीचे दहा अंक परदेशी परीकथांचे होते, आणि ज्या भारतीय कथांमुळे ती ओळखली जाते त्यांचा आरंभ अकराव्या क्रमांकाच्या ‘कृष्ण’ या अंकापासून झाला, ज्याची चित्रे राम वाईरकर यांनी काढली होती. हे अंक पुनःपुन्हा छापले गेले, आणि पुढे अधिक चांगल्या कागदावर काढलेल्या नव्या आवृत्तीला ५०१ पासून नवे क्रमांक दिले गेले. त्यामुळे येथे एकाच चित्रकथेला दोन क्रमांक असतात, आणि एका क्रमांकाखाली अनेक मुद्रणे असतात. कोणते मुद्रण हाती आहे हे ठरवण्यासाठी संग्राहकाला छापील किंमत, प्रकाशकाचा पत्ता, मलपृष्ठावरील आगामी व उपलब्ध अंकांची यादी आणि जाहिराती यांचा आधार घ्यावा लागतो. त्यातही उपलब्ध अंकांची यादी विशेष उपयोगी पडते, कारण तिच्यातील सर्वांत मोठ्या क्रमांकाचा अंक निघण्याच्या सुमारासच किंवा त्यानंतर ती प्रत छापली गेली असली पाहिजे. जे पान वाचक सहसा उलटून टाकतो ते नोंद करणाऱ्यासाठी अशा रीतीने सर्वांत बोलके ठरते.

बंगाली चित्रकथांची नोंद आणखी वेगळी शिस्त मागते, कारण त्यांतील श्रेष्ठ चित्रकथा प्रथम मासिकांतून आल्या. नारायण देबनाथ यांचे हांदा-भोंदा १९६२ पासून आणि बांटुल दि ग्रेट १९६५ पासून ‘शुकतारा’ मासिकात येऊ लागले, नंटे-फंटे १९६९ पासून ‘किशोर भारती’त आले, आणि टिनटिनच्या साहसकथांचे बंगाली रूप ‘आनंदमेला’तून क्रमशः प्रसिद्ध झाले. मासिकाचा एक अंक हाती असला तरी त्यात चित्रकथेची केवळ दोन-चार पाने असू शकतात. अशा वेळी मासिकाला एक दाखल क्रमांक, म्हणजे संग्रहात प्रवेश करताना दिलेला कायमचा क्रमांक, देऊन त्याखाली आतील चित्रकथांची उपनोंद करावी. चित्रकथेची पाने कापून वेगळी ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण पाने सुटली की त्यांची तारीख, त्यांचे स्थान आणि त्यांचे शेजार कायमचे नाहीसे होतात. तारखेच्या बाबतीतही सावध राहावे लागते. जुन्या बंगाली मासिकांवर बहुधा बंगाब्दातील महिना आणि वर्ष छापलेले असते. बंगाली वर्ष एप्रिलच्या मध्यास वैशाखाने सुरू होते, म्हणून त्यात वैशाखापासून इसवी सनाच्या डिसेंबरअखेरपर्यंत ५९३ आणि जानेवारीपासून चैत्राच्या अखेरीपर्यंत ५९४ मिळवले की इसवी सन मिळतो. पौष हा महिना दोन इसवी सनांत विभागला जातो, हे ध्यानात न घेतल्यास नोंदीत एका वर्षाची चूक शिरते. नोंदवहीत छापील तारीख जशीच्या तशी लिहावी आणि तिचे इसवी सनातील रूप स्वतंत्र रकान्यात द्यावे, म्हणजे गणित चुकले तरी मूळ पुरावा शाबूत राहतो.

याच न्यायाने, छापलेले आणि अनुमानलेले यांतील सीमारेषा प्रत्येक रकान्यात जपावी लागते. अनेक जुन्या अंकांवर अनुवादकाचे, तर काहींवर चित्रकाराचेही नाव नसते. रेषेच्या वळणावरून किंवा रंगांच्या योजनेवरून जाणकार संग्राहक चित्रकार ओळखू शकतो, आणि असे ओळखणे हा या छंदातील मोठा आनंदही आहे, परंतु ते नाव चौकटी कंसात लिहावे, म्हणजे ते प्रतीवर छापलेले नसून नोंद करणाऱ्याने ठरवलेले आहे हे पुढच्या माणसाला कळेल. राम वाईरकर किंवा प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकारांचे काम अनेक भाषांतील मुलांनी पाहिले, पण त्यांतील किती जणांना त्यांची नावे ठाऊक होती, असा प्रश्न मनात आला की या एका रकान्याचे मोल समजते. नायकाच्या नावांबाबतही एक ठराविक नाव निवडून बाकीची त्याच्याकडे वळवावीत: मराठी इंद्रजालमधील वेताळ आणि आनंदबाजार पत्रिकेतील अरण्यदेव हे एकाच शीर्षकाखाली शोधता आले पाहिजेत.

प्रतीच्या अवस्थेची नोंद हा सर्वांत कष्टाचा भाग होय. परदेशी बाजारात कॉमिक्सची अवस्था दहा गुणांच्या श्रेणीत सांगितली जाते, आणि ती श्रेणी मुख्यतः किंमत ठरवण्यासाठी उपयोगी पडते. घरगुती संग्रहाला शब्दांत केलेले वर्णन अधिक उपकारक ठरते, कारण एका आकड्यात बुरशी, गंज आणि फाटलेला कोपरा यांतील भेद विरून जातो, तर त्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. कॉमिक्सचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यातील लिग्निन न काढता केलेला असतो. प्रकाश आणि हवा लागली की लिग्निनमुळे तो पिवळा पडतो, त्यात आम्लता वाढते आणि कागद ठिसूळ होतो. गार्डन रीचसारख्या नदीकाठच्या वस्तीत पावसाळ्यातील दमट हवा त्यात भर घालते, पाठीच्या तारा गंजतात आणि त्या जागी कागद कुजून मधली पाने सुटतात. घडी घातलेल्या एका कागदाची चार पाने होतात, म्हणून एक कागद निसटला की दोन वेगवेगळ्या ठिकाणची चार पाने एकदम जातात. मात्र अगदी मधला कागद गेला तर चारही पाने सलग जातात, आणि कथा भराभर वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. त्यामुळे दाखल करताना प्रत्येक प्रतीची पाने मोजणे आवश्यक आहे. प्लास्टिकच्या पिशवीत प्रत घट्ट बंद करण्याची पद्धतही या हवेत पारखून घ्यावी लागते, कारण आत अडकलेला ओलावा बुरशीला पोषक ठरतो. प्रत आधी कोरड्या ऋतूत नीट वाळलेली असली पाहिजे आणि पिशवीचे तोंड थोडे मोकळे असले पाहिजे.

भारतीय घरांतील एक सवय नोंद करणाऱ्याला पुष्कळदा सामोरी येते, ती म्हणजे दहा-वीस अंक एकत्र बांधून पुठ्ठ्याचे जाड पुस्तक करून घेण्याची. बांधणी करणारा कडा समान कापतो, कधी मुखपृष्ठेही काढून टाकतो, आणि त्याबरोबर किंमत व क्रमांकही जातो. तरीही याच बांधणीने कित्येक अंक रद्दीत जाण्यापासून वाचवले आहेत, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. बांधीव पुस्तक सोडवू नये. त्याला एक स्थान क्रमांक द्यावा आणि आतील प्रत्येक अंकाला स्वतंत्र दाखल क्रमांक देऊन क्रमाने नोंदवावे. भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या वाचनालयाचा शिक्का, भेटीचा मजकूर किंवा मुलाने रंगवलेले चित्र यांचीही नोंद दोष म्हणून न करता प्रतीचा इतिहास म्हणून करावी.

या दृष्टीने पाहिले की ‘दुबार’ हा रकाना जपून वापरण्याचा ठरतो. हावड्याला घेतलेला बंगाली अंक आणि नागपुरात घेतलेला त्याच कथेचा मराठी अंक हे एका अंकाच्या दोन आवृत्त्या आहेत, आणि एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींतही एकीत सगळी पाने आणि दुसरीत शाबूत मुखपृष्ठ असू शकते. दुबार समजून एक प्रत काढून टाकण्याआधी दोन्हींची पानापानाने तुलना केलेली असली पाहिजे. गार्डन रीचच्या मिश्र खोक्याचे खरे मोल या जोडअंकांत आहे, कारण रेल्वेने जोडलेल्या दोन प्रदेशांतील मुलांनी एकच कथा कोणत्या शब्दांत वाचली, याचा पुरावा त्यांत शेजारी शेजारी मिळतो.

नोंदवही कागदावर असावी की संगणकावर, हा वाद दोन्ही ठेवल्याने मिटतो: शोधण्यासाठी संगणकावरील तक्ता आणि पुराव्यासाठी बांधीव वही, व दोहोंची एकेक प्रत दुसऱ्या घरी. दुर्गापूजेनंतर हवा कोरडी होऊ लागली की वर्षातून एकदा साठापडताळणी करावी, म्हणजे प्रत्येक नोंदीसमोर प्रत प्रत्यक्ष पाहून खूण करावी, खोकी उघडून वारा द्यावा आणि कसर लागली आहे का ते तपासावे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील शेवटचे सूत्र ग्रंथालयाला वर्धिष्णू मानते. खासगी संग्रहही वाढतो, पण तो घटतोही, आणि गहाळ झालेल्या प्रतीची नोंद न खोडता तिच्यापुढे तारीख व कारण लिहिणे हे प्रामाणिक वहीचे लक्षण होय.

१९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची एक प्रत अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवणे प्रकाशकावर बंधनकारक आहे, आणि हे ग्रंथालय गार्डन रीचपासून फार दूर नाही. परंतु सार्वजनिक ग्रंथालय जपते ती न वापरलेली प्रत. वाचून चुरगळलेली, वाटून घेतलेली आणि बदलीच्या सामानातून गावोगाव गेलेली प्रत घरातच राहते, आणि संग्राहकाच्या पश्चात तिचे भवितव्य वारसांच्या समजुतीवर अवलंबून असते. म्हणून नोंदवहीचे पहिले पान वारसांसाठी राखून ठेवावे आणि त्यावर साध्या भाषेत लिहावे की संग्रहात काय आहे, त्यातील दुर्मीळ काय, काय एकत्रच ठेवायला हवे आणि कोणत्या प्रकारच्या संस्थेला ते द्यावे. वजनावर विकला जाणारा गठ्ठा आणि अभ्यासाला उपयोगी पडणारा संग्रह यांत पुष्कळदा एवढ्या एका पानाचेच अंतर असते. तो संग्रह पुढे विखुरला गेला तरी अमुक आवृत्ती निघाली होती, तिची किंमत अमुक होती आणि ती गार्डन रीचच्या एका घरात वाचली गेली होती, एवढे तरी चांगल्या वहीतून सिद्ध करता येते. आणि ज्या प्रकाशनांचे पुरे इतिहास अजून लिहिले जायचे आहेत, त्यांच्यासाठी अशा घरगुती वह्यांइतके विश्वासार्ह साधन क्वचितच मिळेल.