चला बंड्या, दिवेआगर!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसमध्ये सगळ्यांचे प्लॅन्स फिक्स. कुणी लोणावळा, कुणी महाबळेश्वर. आणि मी? मी आपली घरी! कारण घरी बंड्या आहे. अकरा महिन्यांचा, अस्सल देशी, सोसायटीच्या गेटपाशी सापडलेला. एकटा राहिला की अख्खी बिल्डिंग डोक्यावर घेणार. दिवाळीत घरमालकांनी सांगूनच टाकलं होतं, ‘‘एक तर कुत्र्याला गप्प करा, नाही तर दुसरं घर बघा.’’

म्हणून आणला क्रेट. जाळीचा, घडी होणारा. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘अगं, मुक्या जिवाला पिंजऱ्यात काय कोंडतेस?’’ आणि पहिल्याच दिवशी मी नेमकं तेच केलं. बंड्याला आत ढकललं, कडी लावली, ऑफिस गाठलं. संध्याकाळी येऊन बघते तर गादीच्या चिंध्या, बंड्याच्या नाकावर ओरखडे आणि दारात शेजारच्या काकू. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग व्हेटने खरा फंडा समजावला. क्रेट ही कोठडी नाही, कुत्र्याची स्वत:ची खोली आहे. त्यात त्याला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. सुरुवातीला दार सताड उघडं. जेवण आत, चिकनचा तुकडा आत, माझा जुना टी-शर्टही आत. बंड्या आपणहून जायला लागल्यावर दार लावायचं. आधी पाच सेकंद, मग एक मिनिट, मग चहा उकळेपर्यंत. तो घाबरला तर घाई आपली झाली, एक पायरी मागे! शिक्षा म्हणून तर क्रेट कध्धीच वापरायचा नाही. आणि हो, दहा तासांच्या ऑफिससाठी हे कुलूप नव्हे. आमच्याकडे दुपारी कामाच्या मावशी त्याला बाहेर काढतात. तशी सोय नसेल तर क्रेट घेऊच नका.

दोन महिने गेले. आता परीक्षा. सेंटर : दिवेआगर!

जानेवारीतला शनिवार, पहाटेचे सहा. मैत्रिणीच्या गाडीची मागची सीट पाडून क्रेट पट्ट्यांनी घट्ट बांधला. बंड्याला नाश्ता दिला नाही. ताम्हिणीच्या वळणांवर भरलेल्या पोटाचं काय होतं, ते माणसांनाही ठाऊक आहे! पिरंगुट, पौड, मग मुळशीचं धुक्यातलं पाणी. इथे पहिला ब्रेक. आधी पट्टा अडकवायचा, मगच दार उघडायचं. हा नियम विसरलात तर वीकएण्ड कुत्रा शोधण्यात जाईल. घाट उतरून निजामपूर, माणगाव. नाश्त्याला आम्ही आळीपाळीने गेलो, कारण उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. पुढे म्हसळा, आणि मग सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा तो गार, अरुंद रस्ता. आलं दिवेआगर!

जिथे उतरलो, तिथल्या काकूंची एकच अट. ‘‘कुत्रं चालेल हो, पण घरात मोकळं नको. आमची मांजर व्यालीय.’’ क्रेट दाखवल्यावर त्यांचा चेहरा खुलला. दुपारी उकडीचे मोदक, सोलकढी. बंड्याला साधा दहीभात.

खरी कसोटी रात्री लागली. जवळच्या वाडीत लग्न होतं. अचानक लाइट गेले आणि पाठोपाठ फटाके सुरू. माझ्या पोटात गोळा. दिवाळीत बंड्या बाथरूममध्ये तीन तास थरथरत बसला होता. अंधारात मी त्याला चाचपडत शोधायला लागले. कॉटखाली नाही, दारापाशी नाही. टॉर्च मारला तर स्वारी क्रेटमध्ये! दार उघडंच होतं. थरथर होती, पण टी-शर्टवर हनुवटी टेकलेली. मी बाहेर फरशीवर आडवी झाले आणि जाळीतून एक बोट आत घातलं. फटाके थांबायच्या आधीच तो घोरायला लागला.

सकाळी सुरूच्या बनातून बीचवर. लांबच लांब, मोकळा किनारा बघून बंड्याला सोडायचा मोह झाला. सोडलं नाही. या किनाऱ्यावर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्री वाळू उकरून ती खातात. म्हणून इथे अंडी उचलून जाळीच्या कुंपणात सुरक्षित पुरली जातात. जाळी म्हणजे दरवेळी कैद नसते, हे बंड्याने मला आदल्या रात्रीच शिकवलं होतं. लांब दोरीच्या टोकाला लाटांवर भुंकण्यातही त्याची धम्माल चालली होती.

रविवारी दुपारी सामान भरताना मी फक्त ‘‘चला’’ म्हटलं. बंड्या टुणकन उडी मारून क्रेटमध्ये!

घरमालक त्यानंतर काही बोललेले नाहीत. पुण्यात याला होकार म्हणतात. आणि आई? फोटो बघून म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी मलाही न्या. पण मला पुढची सीट हं!’’