तंबूत भेटलेले तुकोबा



वारीत मुक्कामावर रात्री काय चालते, असे कोणी विचारले तर आपण सांगतो : समाजआरती, कीर्तन, जागर. ते खरेच आहे. पण कीर्तन संपल्यावर आणि डोळा लागण्याआधी अर्धा-पाऊण तास असतो, त्याची नोंद कुठल्या पोथीत नाही. पायांना तेल चोळले जाते, कोणी घरी फोन लावतो, ओली धोतरे दोरीवर पडतात आणि गप्पा निघतात. त्या गप्पांत पाऊस असतो, कांद्याचा भाव असतो आणि, तुम्ही रागावणार नसाल तर सांगतो, सिनेमाही असतो.

2025 सालच्या आषाढी वारीतली गोष्ट. माउलींची पालखी फलटणला विसावली होती. आदल्या दिवशी चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण झाले होते, त्यामुळे सगळे आनंदात होते. आमच्या दिंडीच्या तंबूत आठ-दहा जण पडल्या पडल्या बोलत होते. एस.टी.तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, एक शाळामास्तर, उद्याच्या न्याहारीची तयारी करत बसलेल्या एक मावशी, पहिल्यांदाच वारीला आलेला विशीतला एक मुलगा आणि आळंदीला शिकून नुकतेच कीर्तन करू लागलेले एक तरुण महाराज. मी कोपऱ्यात डोळे मिटून पडलो होतो. झोपलो आहे असे त्यांना वाटले असावे.

विषय निघाला तुकोबांच्या सिनेमांवरून. मास्तर म्हणाले, ‘‘2012 सालचा ‘तुकाराम’ बघा. जितेंद्र जोशींनी काम केलंय. त्यात दुष्काळ आहे, घरातली माणसं जाणं आहे. माणूस तुकोबाराय कसा झाला ते कळतं. जुन्या प्रभातच्या सिनेमात ते पहिल्यापासून संतच आहेत.’’

ड्रायव्हर म्हणाले, ‘‘मला संतच बघायचा असतो, मास्तर. दुष्काळ मी घरी बघतो.’’

सगळे हसले. मग ‘एलिझाबेथ एकादशी’ निघाला. मास्तरांना तो मुलांचा सिनेमा म्हणून आवडला होता. ड्रायव्हर म्हणाले, ‘‘बँकेनं त्या बाईचं विणायचं मशीन नेलं आणि पोरं यात्रेत बांगड्या विकायला बसली. पंढरपुरात राहणाऱ्याला यात्रा म्हणजे वर्षाची भाकरी असते. आपण दर्शन घेऊन निघून येतो, आपल्याला ते कुठं दिसतं?’’ मावशींना 1988 सालचा ‘पंढरीची वारी’ आठवला. दिंडीबरोबर चालणारा त्यातला लहानगा आठवून त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दोन महिन्यांपूर्वी आलेला ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ही त्यांनी सुनेबरोबर पाहिला होता. ‘‘एवढीशी लेकरं, आईबाप नाहीत, गावानं वाळीत टाकलेली. मला पुढचं काही दिसलंच नाही,’’ त्या म्हणाल्या. चांगला की वाईट, जुना की नवा, हा हिशेब त्यांच्याकडे नव्हता.

मला हे ऐकताना बरे वाटत होते. वाचकहो, कोणत्याही प्रवचनात बसावा असा विचार त्या माणसांनी सहज बोलून टाकला होता, आणि सिनेमाचे नाव घेत घेत ते संतांविषयीच बोलत होते.

तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, ‘‘मी जुना ‘संत तुकाराम’ मोबाईलवर पाहिला. त्यातला बीजाचा अभंग मला पाठ आहे. तुकोबारायांचा माझा सगळ्यात आवडता अभंग तोच. त्याच्यामुळेच तर मी वारीला आलो.’’

तरुण महाराज उठून बसले. ‘‘तो अभंग नाहीच. गाथ्यात दाखवा बरं! सिनेमातलं गाणं आहे ते. वारकरी म्हणवता आणि एवढं माहीत नाही?’’

तंबूत दोघेतिघे हसले. मुलाने मान खाली घातली आणि तो पांघरुणाची दशी ओढत बसला.

माझे डोळे उघडले. महाराज बोलले ते सर्वस्वी खरे होते. हेच वाक्य चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी बोललो होतो, जवळजवळ याच शब्दांत. ते मी कोणाला बोललो, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. 1965 च्या आसपास पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत आम्ही गेलो होतो. यात्रेत तंबूतले सिनेमे येत. पोते अंथरून जमिनीवर बसायचे, बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला. थंडी मी म्हणत होती आणि मी आईच्या पदरात शिरून पाहत होतो. सिनेमा होता प्रभातचा ‘संत तुकाराम’. तेव्हाच तो तीस वर्षांचा जुना झाला होता. रीळ बदलायला अंधार झाला की लोक विठ्ठलनामाचा गजर करत आणि पडद्यावर तुकोबा आले की पुढचे लोक हात जोडत.

त्या सिनेमात आवली चिडते, भांडते. पोर आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन थेट पांडुरंगाला जाब विचारायला देवळात जाते. तंबूत मोठा हशा झाला. मीही हसलो. आईने माझा दंड धरला आणि कानाशी म्हणाली, ‘‘हसू नको. तिच्या घरात पीठ नाही.’’

त्या यात्रेनंतर आईने माळ घातली. पुढे गुडघे चालेनात तोवर तिची वारी चुकली नाही. आणि त्या सिनेमातले ते बीजाचे गाणे तिच्या तोंडी कायमचे बसले. जात्यावर तेच, शेतात तेच, गावच्या बायकांच्या भजनातही तेच. ती ते तुकोबांचा अभंग म्हणूनच गायची. तिला तो कोणी वाचून दाखवलेला नव्हता. खुद्द तुकोबांच्या तोंडून तिने तो ऐकला होता.

मी आळंदीला चार वर्षे राहिलो. गाथा घोकली, प्रमाणे पाठ केली. 1981 साली घरी आलो तेव्हा गावात सप्ताह बसला होता. दुपारी बायकांचे भजन चालले होते आणि आईने ते गाणे धरले. मी मंडपात होतो. विद्या ताजी होती, अंगात मावत नव्हती. मी भजन थांबवले आणि चारचौघींत म्हणालो, ‘‘आई, हे तुकोबांचं नाही. गाथ्यात कुठंही नाही. सिनेमातलं आहे.’’

बायका हसल्या. आईने टाळ खाली ठेवले. दुसऱ्या कोणीतरी गौळण धरली आणि भजन पुढे चालू झाले.

रात्री जेवायला वाढताना ती एवढेच म्हणाली, ‘‘मला वाचता येत नाही रे. मला तुकोबा तंबूतच भेटले.’’

त्यानंतर तिने ते गाणे कधी म्हटले नाही. 2004 साली ती गेली. तेवीस वर्षांत मी ते शब्द तिच्या तोंडून ऐकले नाहीत. कधीतरी चुलीपुढे बसली असताना ती नुसती चाल गुणगुणायची. मी दारात आलो की थांबायची.

वाचकहो, आता थोडे त्या सिनेमाविषयी सांगतो, कारण पुढे मी तो समजून घेतला. 1936 साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो काढला. दिग्दर्शक दोघे : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबांची गोष्ट पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक मुसलमान होते, याचे शेख महंमदबाबांना संत मानणाऱ्या आपल्या संप्रदायाला नवल वाटू नये. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मूळचे रंगभूमीवरचे, तिथे ते स्त्रीभूमिका करत. आवलीचे काम गौरी यांनी केले. मुंबईत तो वर्षाहून जास्त चालला आणि 1937 साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात तुकोबांचे खरे अभंग आहेतच. पण बीजाचे गाणे लिहिले शांताराम आठवले यांनी. त्यांनी ते तुकोबांच्या बोलीत इतके मुरून लिहिले की लोकांना तो अभंगच वाटला. आजही वाटतो. फसवणूक कोणी केली नाही. रचना करणाऱ्याने स्वतःला मागे ठेवले, एवढेच.

आणखी एक कबुली. माझ्या कीर्तनात आवलीचा प्रसंग आला की मी सांगतो, ‘‘तिला हसू नका, तिच्या घरात पीठ नव्हतं.’’ तिथे मंडप शांत होतो, बायका डोळे पुसतात. पुष्कळांनी मला त्या वाक्यासाठी नमस्कार केला आहे. ते वाक्य मला कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही. ते सिनेमा बघता बघता एका न शिकलेल्या बाईने काढलेले मत आहे. म्हणजे तंबूतला सिनेमा मला कीर्तनासाठी चालला आणि तिला भजनासाठी चालू दिला नाही. तिचे वाक्य मी वापरले, तिचे गाणे मात्र बंद पाडले. हे मी कधी व्यासपीठावरून सांगितले नव्हते.

फलटणच्या त्या तंबूत मी उठून बसलो. मुलाला जवळ बोलावले. म्हणालो, ‘‘बाळा, महाराज म्हणतात ते खरं आहे. ते गाथ्यात नाही. आठवले नावाच्या कवीनं सिनेमासाठी लिहिलंय.’’ त्याचा चेहरा आणखी उतरला. मी विचारले, ‘‘पण तुला ते पहिल्यांदा कुठं ऐकायला मिळालं?’’

त्याने सांगितले. वडील गेले त्या वर्षी तो पुण्यात खोली करून राहत होता. झोप येत नसे. रात्री मोबाईलवर काहीबाही बघत असे. असाच एकदा तो सिनेमा समोर आला आणि सकाळपर्यंत त्याने तो दोनदा पाहिला. पुढे घरातली गाथा उघडली. तिच्यात वडिलांच्या हातच्या खुणा होत्या. मग वारीला यायचे ठरवले.

तरुण महाराज ऐकत होते. त्यांनी हळूच विचारले, ‘‘बुवा, मग आम्ही सांगायचं तरी कसं? खोटं चालू द्यायचं का?’’

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. खोटे चालू द्यायचे नाही. कीर्तनात आणि भजनात प्रमाण संतांचेच, हा आपला दंडक आहे आणि तो राहिलाच पाहिजे. उद्या कोणी काहीही तुकोबांच्या नावावर घालील. पण चूक दुरुस्त करताना आधी विचारावे, ही गोष्ट तुझ्यापर्यंत कशी आली? उत्तर ऐकून मग सांगावे. चारचौघांत सांगू नये, बाजूला घेऊन सांगावे. मला माझ्या आईशी एवढेही जमले नाही.

मुलाने विचारले, ‘‘मग मी ते म्हणायचं की सोडायचं?’’

म्हणालो, ‘‘म्हण की. दिंडीत टाळावर तुकोबांचं म्हण. वाट चालताना, खोलीवर एकटा असताना हे म्हण. कोणी विचारलं तर सांग, आठवल्यांचं आहे आणि यानं मला तुकोबांच्या दारात आणून सोडलं. आणि आत्ता म्हणून दाखव. मला ऐकायचंय.’’

त्याचा आवाज काही गाणाऱ्याचा नव्हता. दोन ओळींनंतर मावशींनी सूर धरला, मग ड्रायव्हरांनी. त्यांनाही ते पाठ होते. कोणी टाळ घेतले नाहीत. तरुण महाराज गुडघ्यावर बोटांनी ठेका देत होते. मी गायलो नाही. मला शब्द येतात, पण घशातून निघेनात. चव्वेचाळीस वर्षांनी ती चाल मी शब्दांसकट ऐकत होतो आणि कोणी दारात येऊन थांबवत नव्हते.

पहाटे काकड्याला तो मुलगा सगळ्यांच्या आधी उठला होता. बरडच्या वाटेवर तरुण महाराज त्याला आपल्या शेजारी घेऊन चालले. गाथेतले बीजावरचे अभंग कोणते, ते त्याला एकेक सांगत होते. मी मागे होतो. दोघांचे बोलणे नीट ऐकू येत नव्हते, पण मुलगा मधूनमधून मान हलवत होता.

वाचक माउली, आता कोणी सिनेमाच्या गप्पा मारत असेल तर मी उठून जात नाही. बसतो आणि विचारतो, तुम्ही कुठे पाहिला, बरोबर कोण होते? तुमच्या घरात एखादी म्हातारी असेल आणि ती असेच काही गात असेल, तर तुम्हीही एकदा विचारून बघा. ते गाथेत आहे की नाही, हे नंतर पाहता येईल.

रामकृष्ण हरी.