सेल्फ फिरतोय, इंजिन धरत नाही

२४ ऑक्टोबर
छाटणीला सतरा दिवस झाले. बाग पाच-सहा पानांवर आहे, घड दिसायला लागलेत. रात्री पाऊस झाला, पानं नऊ वाजेपर्यंत ओली. डावणी रोगाला एवढंच लागतं. आणि नेमका आजच छोटा ट्रॅक्टर बसला. किल्ली फिरवली की नुसतं टक्‌. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता. गरम पाण्याने धुतलं, काचकागदाने घासलं, केबल आवळली. मीटरवर १२.५ व्होल्ट. सेल्फ जोरात फिरू लागला, पण इंजिन धरेना. पाठीवरच्या पंपाने चारच ओळी फवारून झाल्या.

२५ ऑक्टोबर
मिस्त्रींना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "धूर येतोय का?" धूर अजिबात नव्हता. पांढरा धूर आला तर डिझेल जातंय पण जळत नाही. धूरच नाही तर डिझेल पोहोचतच नाही. बंद करायची दांडी पूर्ण आत होती, टाकीत डिझेल होतं. म्हणजे एअर धरली. हवा दाबली जाते, डिझेल जवळपास दाबलंच जात नाही. लाइनमध्ये हवा असली की पंपाचा सगळा जोर ती दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही.

शेजारचे अण्णा म्हणाले, "एअर क्लीनरला पेट्रोलचा बोळा धर, लगेच उठेल." मी नाही धरला. आपल्या इंजिनात हीटर प्लग आहेत. तापलेल्या प्लगवर पेट्रोलची वाफ गेली तर भलत्याच वेळी भडका होतो.

डिझेल फिल्टरवरचा बोल्ट दोन आटे ढिला करून हातपंप मारत बसलो. आधी फेस, मग मोठे बुडबुडे, मग बारीक, आणि शेवटी सोनेरी सलग धार. धार वाहतानाच बोल्ट आवळला. मग नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारला, एका वेळी दहा सेकंदच, मध्ये अर्धा मिनिट थांबून. नटांशी डिझेल आलं, ते आवळले. तिसऱ्या वेळी इंजिन उठलं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळपर्यंत अर्धी बाग ब्लोअरने झाली.

२६ ऑक्टोबर
सकाळी पुन्हा तेच. एअर काढून उरलेली बाग मारली, पण रात्रीतून हवा शिरतेच कुठून? डिझेल कुठेच गळत नव्हतं. आमची टाकी पंपाच्या खाली आहे, त्यामुळे टाकी ते पंप या लाइनमधली फट डिझेल सांडत नाही, हवा आत ओढते. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिला की डिझेल टाकीकडे उतरतं. आबांनी रबरी पाइप कोरडा पुसला आणि बोटांत धरून वाकवला. क्लिपच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर उघडली.

२७ ऑक्टोबर
नवा पाइप, दोन नव्या क्लिपा. रात्रभर उभा होता, तरी पहिल्या सेल्फला उठला. सातव्या ओळीत तीन पानांवर तेलकट डाग दिसले. पानं तोडून पिशवीत घातली.