भिंतीला टेकलेली सायकल

रविवारी सकाळी वाईहून मेणवलीच्या बाजूला तुम्ही कधी आलात, तर रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीपाशी तुम्हाला एक गमतीचे दृश्य पाहायला मिळेल. टपरीला लागून एक जुनी दगडी भिंत आहे. तिला सात-आठ सायकली ओळीने टेकवून ठेवलेल्या असतात आणि त्यांचे मालक हातात चहाचे पेले घेऊन समोर उभे असतात. बोलणे एकमेकांशी चाललेले असते, पण नजर सायकलींवर असते. मधूनच एक जण पुढे होतो, आपली सायकल वीतभर सरकवतो, साखळीची बाजू समोर येईल असे पाहतो, पेडल आडवे करतो आणि दोन पावले मागे जाऊन छायाचित्र घेतो. लग्नघरात छायाचित्रकाराने नवरीची हनुवटी किंचित वळवावी, तितकी काळजी त्याच्या हातात असते. मुलाबाळांची चौकशी नंतर होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "टायरमध्ये हवा किती ठेवलीस?"

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. या सायकलींना ग्रॅव्हल बाइक म्हणतात. त्यांचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते; पण शर्यतीच्या सायकलीचे टायर बोटाएवढे अरुंद आणि दगडासारखे टणक असते, तसे यांचे नसते. यांचे टायर 40 मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद असते आणि त्यात हवा कमी भरतात. कमी हवेचे रुंद टायर खडीवर आपटून उडत नाही. ते खडा पोटात घेते आणि पुढे जाते. म्हणून ही सायकल डांबर संपले तरी थांबत नाही. मुरमाचा रस्ता, कालव्याची कड, शेतातली पाणंद या सगळ्या वाटा तिला मोकळ्या असतात.

तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय? आपल्या वडिलांची काळी सायकल हेच करीत होती. तुमचे म्हणणे खरे आहे. त्या सायकलीच्या टायरवर 28 × 1½ असा आकडा छापलेला असे. दीड इंच म्हणजे सुमारे 38 मिलिमीटर. आज ज्या रुंदीची आम्ही टपरीपाशी कौतुकाने चर्चा करतो, जवळजवळ त्याच रुंदीच्या टायरवर दुधाच्या किटल्या, उसाची वाढी आणि घरातली तीन-तीन माणसे पाणंदीतून ये-जा करीत होती. आणि ती सायकलही मिरवली जात होतीच. चाकाच्या आसाभोवती रंगीत ब्रशचे कडे, हँडलच्या मुठींना गोंडे, मागच्या मडगार्डवर पेंटरकडून काढून घेतलेले नाव, दसऱ्याला झेंडूची माळ. फरक इतकाच, की ती आधी कामाची होती आणि मग मिरवण्याची.

या नव्या सायकलींचे कूळ मात्र युरोपातल्या चिखलात सापडते. ग्रॅव्हलच्या आधीपासून सायक्लोक्रॉस नावाचा एक खेळ तिकडे आहे. फ्रान्समध्ये त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1902 साली झाली. आज त्याचे खरे माहेर म्हणजे बेल्जियममधला फ्लँडर्स हा प्रदेश. ऐन हिवाळ्यात, शेतांतून आणि उतारांवरून आखलेल्या दोन-तीन किलोमीटरांच्या वळणावळणाच्या वाटेवर स्पर्धक सुमारे तासभर फेऱ्या मारतात. वाटेत आडव्या फळ्या असतात, चढ असतात, वाळू असते. जिथे सायकल चालत नाही तिथे स्पर्धक खाली उतरतो, सायकल खांद्यावर टाकतो आणि धावत सुटतो. चिखलाने चाके भरली की ठरलेल्या जागी तो सायकल बदलतो. त्याने टाकलेली सायकल मदतनीस पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन पुढच्या फेरीसाठी तयार ठेवतात. सुरुवातीच्या रेषेवर आरशासारखी चमकणारी सायकल पहिल्या फेरीतच ओळखू येईनाशी होते, आणि दोराच्या पलीकडे उभे असलेले हजारो लोक तिच्यासाठी आणि तिच्या चिखलमाखल्या स्वारासाठी ओरडत असतात. तिथे चिखल हाच अलंकार असतो.

या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1950 साली पॅरिसमध्ये सुरू झाली. स्त्रियांसाठी ती 2000 साली सुरू झाली. या दोन आकड्यांमध्ये पन्नास वर्षांचे अंतर आहे. हे अंतर मी प्रथम वाचले तेव्हा मला बेल्जियम आठवले नाही. मला आमच्या गावची वेस आठवली.

त्या दिवशी बेंदूर होता. मी बारा वर्षांची होते. गावातले बैल सकाळीच कृष्णेवर धुऊन आणले होते. शिंगे रंगवलेली, त्यांना बेगड आणि गोंडे, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरांच्या माळा. संध्याकाळी वाजतगाजत ते वेशीतून निघाले. वर्षभर जू ओढणाऱ्या खांद्यांना त्या एका दिवशी काम नव्हते. फक्त मिरवणे होते. माझे वडील सोसायटीत कारकून होते. त्यांची सायकल मी नळीखालून पाय घालून शिकले होते आणि नुकतीच सीटवर बसून चालवू लागले होते. बैलांच्या मागून मीही निघाले. चावडीसमोर उतार आहे. तिथे मी दोन्ही हात सोडले.

ती पंधरा-वीस क्षणांची धाव मला अजून जशीच्या तशी आठवते. वारा, ताशांचा आवाज, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांची माझ्याकडे वळलेली तोंडे. मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. आईने मारले नाही, रागावलीही नाही. तिने सायकल ओसरीवरून उचलली, माजघरात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "पोरीच्या जातीला एवढं मिरवणं शोभत न्हाई." त्या दिवशी गावातले बैलसुद्धा मिरवले होते. त्यानंतर मी सायकलीला हात लावला तो सदतीस वर्षांनी.

ही सायकल मी जुनीच घेतली, पुण्याच्या एका हौशी माणसाकडून. त्याला आणखी भारी सायकल घ्यायची होती. घेतली खरी, पण पहिले तीन महिने मी ती पहाटे अंधारात चालवीत असे आणि उजाडायच्या आत घरी परतत असे. मी शाळेत शिकवते. विद्यार्थ्यांपैकी कोणी पाहील, पालकांपैकी कोणी हसेल, अशी कारणे मी स्वतःला देत होते. तुमच्यापैकी काहींना हे चटकन कळेल. शिक्षणाला पुन्हा सुरुवात करताना अभ्यासाचे पुस्तक शेजाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तुम्हीही ते कधी उशीखाली सरकवले असेल. चोरी नसते, तरीही आपण ती गोष्ट चोरीसारखी लपवतो. तिचा आनंद कोणी पाहिला, तर तो काढून घेतला जाईल अशी कुठेतरी भीती असते.

त्या टपरीवर मी पहिल्यांदा थांबले तेव्हा माझी सायकल मी भिंतीपासून दूर, विजेच्या खांबाला टेकवली. तिथल्या एका तरुणाने विचारले, "मॅडम, तिकडे का? इकडे आणा की ओळीत." मी नको म्हणाले. तो हसला, स्वतःच माझी सायकल उचलून घेऊन आला आणि आपल्या सायकलीच्या शेजारी लावली. मग सगळे जण ती वाकून वाकून पाहू लागले. पुढच्या फोर्कमध्ये चिखलाला केवढी जागा ठेवली आहे, डिस्क ब्रेक कोणता, टायर कुठे झिजले आहे. माझ्याकडे कोणी पाहत नव्हते, तरी मला वाटले की इतक्या वर्षांनी कोणी मलाच पाहत आहे.

मिरवणे या शब्दाविषयी मी तेव्हापासून विचार करते आहे. मराठीत त्याच्या आसपास बरेच शब्द आहेत : तोरा, मिजास, बडेजाव, फुशारकी. या सगळ्यांमध्ये दुसऱ्याला कमी लेखण्याचा काही अंश आहे. मिरवण्याला मात्र दुसरा माणूस हवा असतो. म्हणून तर मिरवणूक एकट्याची होत नाही. टपरीवरच्या सगळ्याच मिरवण्याला मी निर्मळ म्हणणार नाही. तिथे किमतीची कुजबुज चालते. महागड्या सायकलीभोवती घोळका जमतो आणि साध्या सायकलीचा मालक चहाच्या पेल्यात पाहत राहतो. काही सायकली डांबर सोडून खाली उतरतच नाहीत. त्यांचे टायर दोन वर्षांनीही नवे असते. मीही हेव्याने पाहिले आहे. पण ज्या सायकलीच्या नळीवर कालच्या वाटेचा वाळलेला चिखल असतो, तिच्याविषयी मालक बोलू लागला की तो लवकरच सायकल विसरून वाटेविषयी बोलू लागतो. "तिथे ओढ्याला पाणी आहे," "त्या माळावरून पांडवगड फार सुंदर दिसतो," असे तो सांगतो आणि शेवटी म्हणतो, "पुढच्या रविवारी चला." हे निमंत्रण आले, की मिरवणे खरे झाले असे मी समजते.

अशाच एका रविवारी, पावसाळ्यात, मी धोमच्या बाजूच्या एका पाणंदीत शिरले. पाणंदीत बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन समांतर चाकोऱ्या होत्या. आपण चाकोरी हा शब्द कंटाळवाण्या, ठरीव आयुष्यासाठी वापरतो. मी मात्र डांबरी रस्ता सोडून खऱ्या चाकोरीत उतरले होते आणि मला फार मोकळे वाटत होते. हा मोकळेपणा दोनशे पावले टिकला. पुढे काळी माती होती. ती टायरला धरली, फोर्कमध्ये दाटली आणि चाक फिरेनासे झाले. काटकीने माती काढावी, चार पावले जावे, पुन्हा तेच. शेवटी मी फ्लँडर्सच्या स्पर्धकांची आठवण केली आणि सायकल खांद्यावर घेतली.

बाजूच्या हळदीच्या शेतात भांगलणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीने मोठ्याने विचारले, "बाई, सायकलीवर तुमी बसायचं, का सायकलीनं तुमच्यावर?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी पायापासून डोक्यापर्यंत चिखलाने भरले होते आणि लपण्यासारखी जागा कुठेच नव्हती. बांधावर सायकल टेकवली, तशा त्या जवळ आल्या. एकीने टायर दाबून पाहिले, एकीने हँडलला हात लावला. मला प्रश्न विचारणारी म्हणाली, "चालवून दावा की आमाला." पलीकडे मुरूम टाकलेला तुकडा होता. मी विळ्याने माती खरवडून घेतली, सायकलीवर बसले, आणि त्या तुकड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. येताना थोडा उतार होता. हात सोडावेत की नाही याचा विचार करण्याआधीच ते सुटले होते.

त्या दिवशी मी अंधाराची वाट न पाहता, भर उजेडात, बाजारपेठेतून घरी आले. आई माझ्याकडेच असते. ती आता ऐंशीच्या घरात आहे. ती अंगणात बसली होती. मी सायकल भिंतीला टेकवली. आईने बराच वेळ निरखून पाहिले.

"हिला ष्टँड न्हाई?"

"नाही."

"क्यारेज न्हाई, घंटी न्हाई, मडगाड न्हाई. मग पैसं कशाचं घेतलं?"

"हलकी आहे," मी म्हणाले. "दहा किलोसुद्धा भरणार नाही."

आई उठली. तिने नळीला हात घातला आणि सायकल जमिनीपासून उचलली. वडिलांची सायकल याच्या दुप्पट वजनाची होती, आणि ती ओसरीवरून माजघरात याच हातांनी गेली होती. तिला ते आठवले की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारले नाही. सायकल हातात तशीच धरून ती कुंपणाकडे वळली आणि शेजारच्या काकूंना हाक मारून म्हणाली, "अवो, जरा भाईर या. आमच्या पोरीची सायकल बघा. येका हातानं उचालली म्या."

काकू येईपर्यंत तिने ती खाली ठेवली नाही. वाळलेल्या चिखलाचे खपले तिच्या पातळावर पडत होते.