कुठले हो तुम्ही?

आमच्याकडे दोन माणसे प्रथम भेटली की नावाआधी गाव विचारतात. एस.टी.त शेजारी बसलेला गृहस्थ 'कुठले हो तुम्ही?' असे सहज विचारतो. आपण 'देऊळगाव राजाचा' म्हटले की, 'म्हणजे बालाजीचे देऊळगाव!' असे म्हणून तो सरकून जागा करून देतो. मग त्याची कुणीतरी मावशी नाहीतर मेहुणा आमच्या गावात निघतोच निघतो. हा प्रश्न मला फार आवडतो. त्यात चौकशी कमी आणि आपुलकी जास्त असते. पण त्यातला 'हो' काढून 'रे' घाला. 'कुठला रे तू?' फरक एका अक्षराचा. पण तेवढ्याने समोरचा माणूस पाहुण्याचा परका होतो. हल्लीचे निम्मे राजकारण या एका अक्षरावर चाललेले आहे, असे माझे मत आहे.

मते सांगायला दिवाळीसारखा दुसरा मुहूर्त नाही. फराळाचे ताट पुढे आले की जावई अर्थमंत्री होतो, मेहुणा गृहमंत्री होतो, आणि चकलीच्या दुसऱ्या वेढ्यापाशी 'या बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांचे काय करायचे?' हा प्रश्न निघतो. अशा वेळी मी मुकाट्याने चिवड्याकडे पाहतो. त्यातली मिरची आणि शेंगदाणा दोघेही मूळचे अमेरिका खंडांतले. काही शतकांपूर्वी ते समुद्र ओलांडून आले आणि आज आजीच्या हातच्या चवीचे झाले. त्यांना कुणी कागदपत्रे विचारली नाहीत.

आमचे गावच पाहा ना. गावाचा सारा डौल ज्या बालाजीमुळे, तो तिरुपतीचा. आश्विनात त्याची यात्रा भरते, लाठामंडप उभा राहतो, आणि दूरवरची माणसे दर्शनाला लोटतात. देव दक्षिणेतला, भक्त वऱ्हाड-मराठवाड्यातले आणि नवस सगळीकडचे! सरहद्द म्हणाल तर तीही आम्ही पाहिलेली आहे. जालना आमच्यापासून एस.टी.ने तासाभराच्या वाटेवर. पण १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले आणि जालना निजामाकडे राहिले. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली शिक्का. मधे करोडगिरीचे नाके. रझाकारांच्या दिवसांत मराठवाड्यातली कुटुंबे ही हद्द ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य शरण आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही मुलूख एका राज्यात आले, आणि कालचा परराज्यातला माणूस शेजारच्या जिल्ह्यातला झाला. माणूस तोच, त्याची भाकरीही तीच. बदलला तो नकाशा.

आणि घरोघर बाहेरून आलेली जी व्यक्ती आहे, तिचे काय? २०११च्या जनगणनेत आपला मूळ ठिकाणा सोडून आलेली माणसे पंचेचाळीस कोटींवर भरली. त्यांत सर्वांत मोठा भरणा कुणाचा, तर लग्न होऊन सासरी आलेल्या बायकांचा! आमच्या शेजारच्या सिंदखेडची लेक जिजाबाई. तीही माहेर सोडून गेली आणि उजाड झालेले पुणे तिने वसवले. सून घरात आली की पहिली काही वर्षे 'आमच्याकडे असे नसते' हे वाक्य तिला ऐकावे लागते. पुढे तीच ते वाक्य दुसऱ्याला ऐकवते. परका आपला कसा होतो, याचे याहून चांगले शास्त्र मला ठाऊक नाही.

पण एवढ्या गोड बोलण्याने प्रश्न सुटत नाही, हे मी जाणतो. गावातला पोरगा म्हणतो, 'काका, तुमचा बालाजी आणि तुमचा चिवडा राहू द्या. कारखान्याच्या फाटकावर मी उभा असतो आणि ठेकेदार परप्रांतातली माणसे ट्रकने आणतो. माझ्या पोटाचे काय?' त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याला संकुचित म्हणून मोडीत काढणे हे पोट भरलेल्यांचे काम आहे. मी त्याला एवढेच विचारतो, की ठेकेदार त्यांनाच का आणतो? ती माणसे तुझ्याहून बळकट असतात म्हणून? नाही. ती एकटी असतात म्हणून. त्यांचे मत इथे नाही, रेशनकार्ड इथे नाही, भांडायला काका-मामा इथे नाहीत. बारा तास राबवले तरी ती कुणाकडे जाणार? परक्याचे परकेपण हाच ठेकेदाराचा नफा. तेव्हा त्याला हाकलून तुझी मजुरी वाढणार नाही. उद्या ठेकेदार आणखी लांबचा, आणखी मुका माणूस शोधील. त्याला तुझ्याइतका हक्क मिळाला, तरच तुझा भाव टिकेल.

शिवाय आपणही कुठेतरी बाहेरचे असतोच. दिवाळी सरायच्या आत बीड-जालन्याकडची ऊसतोड कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरे गाडीवर, शाळा गावात. आमच्याकडची तरुण पोरे पुण्याला जातात, मुंबईला जातात, आणि तिथे त्यांनाही कुणी 'कुठला रे तू?' म्हणतच असेल. आमच्या जिल्ह्यात खामगावला १८७० साली रेल्वे आली ती कापसासाठी. जालना-खामगाव रेल्वे देऊळगावावरून न्यावी ही मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे; रूळ अजून पडायचे आहेत. मालाला वाट आधी मिळते, माणसाला मागाहून.

आर्थिक धोरणावर मोठमोठी पुस्तके आहेत. मला त्यातले एकच धोरण मनापासून कळले. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा खडी फोडायला, नालाबांध घालायला माणसे रांगेने उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या वेळी राज्यभर चालली आणि पुढे तिचा कायदा झाला. २००५ साली देशाने तीच कल्पना उचलली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून दरमहा थोडे पैसे कापले जाऊ लागले. त्या पगारदारांत मद्रासी होते, गुजराती होते, उत्तर हिंदुस्थानी होते. त्यांच्या पैशांतून आमच्या कोरड्या माळावर रस्ते झाले. ज्यांना तिथे 'बाहेरचे' म्हणत, त्यांनी इथल्या चुली पेटत्या ठेवायला हातभार लावला. घराजवळ काम मिळाले तर माणूस हौसेने गाव सोडत नाही. आणि सोडलेच, तर ठेकेदार देईल तो भाव निमूट घेत नाही.

आमच्या तालुक्यातल्या मेहुणा राजा या गावी संत चोखामेळ्याचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. तो मंगळवेढ्याला गेला. पोटासाठी की विठ्ठलासाठी, हे सांगणे कठीण. गरिबाच्या बाबतीत दोन्ही वाटा बहुधा एकच असतात. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि राबणारे मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होता. नामदेवांनी जाऊन त्याच्या अस्थी शोधल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्याची, अशी कथा आहे. पंढरीच्या महाद्वारासमोर त्याची समाधी झाली. आमच्या खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे. बाकीच्या मजुरांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरिया भागातली ही माणसे जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात राबत होती. टाळेबंदीत काम गेले, गाड्या बंद होत्या, म्हणून घराकडे जायला रुळारुळाने पायी निघाली होती. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या. स्थलांतरित मजुरांची नोंद व्हावी, त्यांना प्रवासभत्ता मिळावा, असा कायदा आपण १९७९ सालीच केला होता. पण टाळेबंदी लागली तेव्हा कोण कुठे राबतो आहे याचा पत्ता सरकारदप्तरी धड नव्हता. तासाभराच्या वाटेवर राबणारी ही माणसे आम्हांला माहीत झाली ती वर्तमानपत्रातल्या यादीतून.

तेव्हा माझे राजकीय मत विचाराल तर ते असे आहे. जो जिथे राबतो तिथे त्याची नोंद असावी, तिथे त्याला शिधा मिळावा, त्याच्या पोराला शाळा मिळावी, आणि इथल्या मजुराला जो भाव तोच त्याला. एवढे झाले की गावच्या पोराचे आणि त्याचे भांडण आपोआप निम्मे होईल. उरलेले निम्मे आपल्या हातात आहे. यंदा फराळाचे डबे भरताना गृहिणींनी एक डबा जास्त भरावा. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोलीत, वीटभट्टीवर, ढाब्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी दिवाळीला घरी न गेलेला असतोच. डबा त्याच्या हाती देताना त्याला विचारा, पण नीट विचारा: 'कुठले हो तुम्ही?' मग थोडे थांबा. तो आपल्या गावाचे नाव सांगेल.