रुपयात किती आणे दुखतंय?

चि. भाचीबाईंस,


पौडच्या ग्रामीण रुग्णालयात रुजू झालीस, आनंद वाटला. तुझ्याकडे येणारी माणसं मुळशीची. त्यातल्या कित्येकींनी गुडघाभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत भात लावलेला. अशी बाई आपणहून 'दुखतंय' म्हणायची नाही, म्हणून हे पत्र.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वॉर्डात खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या. रात्री विचारलं, "आजी, दुखतंय का?" "नाही गं पोरी, तू टेक जरा." मी केसपेपरवर 'तक्रार नाही' असं लिहून मोकळी झाले. सकाळी चादर बदलताना त्यांना कुशीवर वळवलं, तर त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. रात्रभर डोळा लागला नव्हता त्यांचा.

चुकला होता तो माझा प्रश्न. 'दुखतंय का'ला 'नाही' म्हणणं सोपं असतं. 'किती दुखतंय'ला सांगावं लागतं. पुस्तकात शून्य ते दहाची मोजपट्टी आहे, ती वापरच. पण आपल्याकडे लोक औषधाचा गुण आण्यांत सांगतात, 'आठ आणे फरक पडला.' मग दुखणंही आण्यांत विचार. आणि नुसतं पडल्या पडल्या नव्हे. वळताना, खोकताना किती, तेही विचार.

मग दुखण्याची जात विचार. ठणका बहुधा सुजेचा नाहीतर पुवाचा. लाटेसारखी येऊन जाणारी कळ आतड्याची किंवा मूतखड्याची. आग, मुंग्या, चमका ही नसांची भाषा. तिथे नुसत्या पॅरासिटामॉलनं भागत नाही, डॉक्टर अमिट्रिप्टिलीनसारखं वेगळं औषध देतात. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले, तर आधी ईसीजी. मधुमेह्याला तर छातीत न दुखता नुसता दम आणि घामही येऊ शकतो. बोलता न येणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या बघ. एखादी म्हातारी अचानक बरळत तळमळायला लागली, तर लघवी तुंबलेली नाही ना, हे तपास.

जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्या सांगितल्या: साधी वेदनाशामकं, मग सौम्य ओपिऑइड, मग मॉर्फिन, तेही कळ आल्यावर नव्हे, घड्याळाच्या काट्यावर. मॉर्फिन म्हटलं की घरचे दचकतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं डॉक्टरांनाही धाक बसवला होता. 2014 च्या दुरुस्तीनं परवान्यांचा गुंता कमी केला. वेदनेच्या मापानं, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. पोट मात्र जवळपास हमखास धरतं, तेव्हा सोबत रेचक हवंच. 'पोट साफ झालं का' हे विचारायला लाजू नकोस. कॅन्सरच्या पेशंटच्या घरच्यांना वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र सांग. ते 1997 पासून विनामूल्य चाललंय.

एवढं सगळं विसरलीस तरी एक विसरू नकोस. गोळी दिलीस की तासाभरानं त्या खाटेशी परत जा आणि विचार, "आजी, आता किती आणे उरलंय?" येईल तो आकडा केसपेपरवर लिही.

तुझी मावशी